वांग्याचा स्वेटर

प्रिय आये,

पहिलं हे सांगतो की काम सोडलेलं नाही. पाकीट हातात पडल्या पडल्या तू म्हणाली असशील, हे पोरगं आता कुठल्या गावाहून लिहितंय. लुधियानातूनच लिहितोय. खोली तीच, कारखाना तोच, आणि भाजी पण तीच, बटाट्याची. खोलीतला चंदर समोर कणीक मळतोय. मघाशी म्हणाला, "काय रे बहिऱ्या, लव्हलेटर का? कान लाल झालेत तुझे." मी म्हटलं, आईला लिहितोय. तेव्हापासून कणकेतून मान वर केलेली नाही. कशाबद्दल लिहितोय ते त्याला माहीत आहे. तुला पण सांगणार आहे, पण एकदम नाही सांगता येत. पत्राचा मायना आठवीत शिकवणार होते आणि मी सातवीतच पळालो, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घे. तू बोट ठेवून वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलंय. शेजारच्या स्नेहलकडून वाचून घेऊ नकोस. तुझं तूच वाच, दार लोटून.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू फार हुशार होतेस. मी एक विचारतो, तू भलतंच सांगतेस. झेंडूची गोणी भिजली, नळाला पाणी नाही, देवळाच्या पुजाऱ्याला रोज एक हार फुकट पाहिजे. आणि मी "वांग्या?" म्हटलं की म्हणतेस, "झोपलाय." सकाळी केला तरी झोपलाय, संध्याकाळी केला तरी झोपलाय. थंडी हाय ना, झोपतो बिचारा. आणि लगेच, ठेवते रे, गिऱ्हाईक आलं.

इथं थंडी म्हणजे काय ते तुला सांगून कळणार नाही. सकाळी धुकं असं असतं की समोरून येणारी सायकल आधी ऐकू येते, मग दिसते. त्या धुक्यातून आम्ही कारखान्यात जातो आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी स्वेटर जोडतो. पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या, सगळं मशीनवर विणून वेगवेगळं येतं. माझं काम जोडायचं. एक गोल चकती असते, तिला कंगव्यासारखे दात, आणि प्रत्येक दातावर लोकरीचं एक एक घर, म्हणजे टाका, बसवायचं. एक घर सुटलं की सगळा गळा उसवतो. पहिल्यांदा सुपरवायझरने विचारलं, हे काम कुठं शिकलास? मी म्हटलं, आईच्या गजऱ्याच्या दोऱ्यावर. त्याला ती थट्टा वाटली. पण खरंच, आये, लहानपणी तुझ्याशेजारी बसून कळ्या ओवल्या नसत्या तर माझी बोटं इथं चालली नसती. बा म्हणायचा ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, हा एका जागी बसायचा नाही. आता भिंगरी मशीनला आहे. ती फिरते आणि मी बसतो.

बाची आठवण इथं फार येते. वांग्याला आणलं तो दिवस तर सारखा डोळ्यांपुढं येतो. इंदिरानगरच्या बंगल्यातल्या मॅडम मुलाकडे परदेशी कायमच्या निघाल्या. बाग बाच्या हाताखालची, आणि कुत्रं बाच्या पायाशी. ते दुसऱ्या कुणाकडे राहीना. म्हणून बाने त्याला सायकलच्या कॅरियरवर टोपलीत बसवलं आणि पाथर्डी फाट्याला आपल्या खोलीवर घेऊन आला. अंगावर एक केस नाही. कातडी काळी-जांभळी, गुळगुळीत, आणि डोक्यावर तेवढा एक झुबका, देठासारखा. तू चुलीपाशी होतीस. मान वर करून पाहिलंस आणि म्हणालीस, "आवं, ह्याला कुणी सोललं?" मी इतका हसलो की मला ठसका लागला. मॅडमनी ठेवलेलं इंग्रजी नाव बाला जिभेवर घेता येत नव्हतं. बा त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भरताचं वांगं हाय नुसतं." झालं. त्या दिवसापासून तो वांग्या.

मॅडमनी बाला चांगलं सांगितलं होतं, की चिमाजी, याला केस येत नाहीत. पण बाला वाटलं, मोठ्या लोकांना खरूज म्हणायची लाज वाटते, म्हणून असं बोलतात. आणि बा माळी. त्याला जर कुणी सांगितलं की इथं काही उगवत नाही, तर तो हट्टालाच पेटायचा. "मुरमाड माळावर मी लॉन उगवलंय," म्हणायचा, "ह्या हातभर पाठीवर दोन बोटं केस येणार नाय व्हय?" तू म्हणालीस, राहू द्या, देवाने जसं दिलं तसं. पण त्याने ऐकलं नाही. आपल्या गावाकडे, इगतपुरीच्या वर, शेळीला नाहीतर वासराला खरूज झाली की करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळतात आणि उन्हात बांधतात. बाने तसंच केलं. मायेने केलं, गाणं म्हणत चोळलं. पण शेळीच्या अंगावर केस असतात, आये. ह्याची कातडी उघडी. दुपारपर्यंत पाठ अशी फोडांनी भरली की हात लावता येईना. आणि ते येडं ओरडलं पण नाही. बाच्याच पायाशी येऊन थरथरत बसलं, जसं काही हे दुसऱ्याच कुणी केलंय आणि बा त्याला वाचवणार आहे.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बाबरोबर होतो. खरूज-बिरूज काही नाही, ही जातच बिनकेसाची. मेक्सिको म्हणून देश आहे तिकडची. जन्मालाच अशी येतात, दातसुद्धा सगळे येत नाहीत. बाने फक्त मान हलवली. घरी आला. मग कोरफड चिरून तिचा गर पाठीवर लावत बसला आणि मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. "चुकलं रे मालक," वांग्याला म्हणत होता. "तुझं पीक वेगळं हाय." पाठ बरी होईपर्यंत बा कामावरून आला की भिजलेला पंचा घेऊन त्याच्यापाशी बसायचा. त्यानंतर वांग्या बाला सोडून झोपला नाही.

सगळं मग तूच शिकलीस. खोबरेल तेल लावायचं, पण बोटाला पुसून, जास्त झालं तर अंगावर पुरळ उठतं. आंघोळीला साबण थोडा, आणि लगेच कोरडं करायचं, कानामागेसुद्धा. दुपारी उन्हात न्यायचं नाही. भाकरी दुधात नाहीतर रश्शात कुस्करून द्यायची, कारण गड्याला चावायला दातच कुठं होते. तुझ्या जुन्या लुगड्याचं त्याला पोलकं शिवलंस, हिरवं, काठाचं, आणि ते घालून तो तुझ्याबरोबर देवळापाशी फुलं विकायला यायचा. छत्री एक, आणि तिची सावली कायम त्याच्याकडे कललेली. तुझं अर्धं अंग उन्हात. बायका विचारायच्या, "मावशी, ह्याला खरूज झालीय का?" तू गजरा मोजायचं न थांबवता म्हणायचीस, "त्याला नाय बाई, बघणाऱ्याच्या डोळ्याला झालीय." एक जण म्हणाला, असलं कुत्रं दारात असणं चांगलं नसतं, तर तू त्याला हारच दिला नाहीस. "ज्याला माझं कुत्रं चालत नाय त्याची फुलं देवाला चालत नाय." मी हे इथं सगळ्यांना सांगतो. आमच्या मशीनवर बिहारची पोरं आहेत, पंजाबची आहेत, कुणी नाशिक बघितलेलं नाही, पण वांग्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि तो गरम. केस नाहीत म्हणून हात लावला की थेट अंगच लागायचं, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं. दिवसभर जमिनीवर बसून तुझे गुडघे आखडायचे. रात्री पाय लांब केलेस की तो न बोलावता यायचा आणि दोन्ही गुडघ्यांवर आडवा पडायचा. तू म्हणायचीस, डॉक्टरच्या गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा बरा हाय, निवत नाय. बा चिडवायचा, "माझं कुत्रं, आणि शेक घेती तू."

बा गेला त्या सकाळचं तू मला एकदाच सांगितलंस, परत कधी नाही. मी तेव्हा सुरतेला होतो. तू उठलीस, चहा टाकला, बाच्या पांघरुणाला हात लावून म्हणालीस, "उठा, चहा निवतोय." पांघरूण गरम होतं म्हणून तुला वाटलं, झोपलाय. तू दारापुढचं झाडलंस. परत हाक मारलीस. परत हात लावलास, गरमच. मग पांघरूण ओढलंस तेव्हा वांग्या त्याच्या पोटाशी मुटकुळं करून पडला होता आणि सगळी ऊब त्याची होती. बा कधीचाच गार झाला होता. लोक आले तरी वांग्या उठेना. शेवटी तूच त्याला उचललंस आणि म्हणालीस, "पुरं आता. तू केलंस तेवढं लय केलंस." मी पोचलो तेव्हा तो तुझ्या मांडीवर होता आणि तू रडत नव्हतीस.

त्याच्यानंतर घरात तुम्ही दोघंच, आणि मी इकडून तिकडे. अंबडच्या कंपनीतून पळालो, हायवेच्या हॉटेलातून पळालो, सुरतेचं काम तर दोनदा धरलं आणि दोनदा सोडलं. दुसऱ्यांदा का, ते तुला आठवत असेल. वांग्याने गजऱ्याचा दोरा गिळला होता, जेवत नाही म्हणून तू फोनवर बोलून गेलीस, आणि मी सकाळच्या गाडीत होतो. येऊन बघतो तर साहेब दोरा बाहेर काढून भाकरी खात बसलेले. तू कपाळावर हात मारलास. "तुला घरी आणायचं म्हणजे ह्याला आजारी पाडायला पायजे," म्हणालीस. हसत म्हणालीस, पण तुला काम गेल्याचं लागलं होतं. म्हणून लुधियानाला निघताना तू मला अडवलंस. "देवाची शपथ तू मोडतोस, ती नको. ह्याच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, हंगाम पुरा केल्याशिवाय येणार नाय." मी त्या झुबक्यावर हात ठेवला. पार पांढरा झाला होता तो. वांग्याने माझं मनगट चाटलं, आणि मी शपथ घेतली. तेव्हाच त्याच्या मागच्या पायात जोर राहिला नव्हता, हे मला दिसलं होतं. तुला पण दिसलं होतं.

आता स्वेटरचं सांगतो. दिवाळीच्या आधी कारखान्यात लोकरीचे तुकडे उरले होते, वांगी रंगाचे, बघ कसं ते. सुपरवायझरला विचारून घेतले. जेवणाच्या सुट्टीत वांग्यासाठी स्वेटर जोडायला बसलो. कुत्र्याचा स्वेटर म्हणजे काय, एक नळी. एका तोंडातून डोकं, दुसऱ्या तोंडातून शेपूट, आणि पुढच्या दोन पायांसाठी शिवणीत दोन जागा सोडायच्या. भोवती पोरं जमलेली. मी त्यांना खरूजवाल्या बाईची गोष्ट सांगत होतो, तुझ्या आवाजात, आणि सगळे हसत होते. हसता हसता मी पार खालपर्यंत जोडत गेलो. फोटो काढला, घडी घातली, पार्सल केलं. मग एकदा जेवताना चंदरने तो फोटो नीट बघितला आणि चपाती हातात तशीच धरून म्हणाला, "बहिऱ्या, पाय कुठून घालायचे रे ह्यात?" आम्ही दोघं गडबडा लोळलो. पायाच्या जागाच सोडल्या नव्हत्या मी. चंदर म्हणाला, आता सरुमावशीचा फोन येतोय बघ, तुझा उद्धार होतोय. मी पण वाटच बघत होतो. माझ्या मनात तुझं वाक्यसुद्धा तयार होतं: "अरे येड्या, कुत्रं हाय का लोड, खोळ पाठवलीस ती?" तू शिव्या घालशील, मी हसेन, मागून वांग्या भुंकेल, असं सगळं धरून बसलो होतो.

तुझा फोन आला. तू म्हणालीस, "स्वेटर लय बेस बसला रे. आता तोच घालून झोपलाय."

मी बरं म्हटलं. तू गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवलास. चंदरने विचारलं, काय म्हणाली, हसली का? मी म्हटलं, बसला म्हणाली. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. चंदरने अडवलं नाही. उलट वाटेत खायला पराठे बांधून दिले. स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो. आपल्याकडे जाणारी गाडी लागली, लोक चढले, गाडी सुटली, आणि मी बसूनच राहिलो. मला तुझा राग आला होता, खरं सांगतो. माझा वांग्या, आणि मला सांगितलं नाहीस. मग ती गाडी गेल्यावर एकेक सुचत गेलं. की तू हे एकटीने केलंस. त्याला एकटीने गुंडाळलं असशील, बहुतेक त्या हिरव्या पोलक्यात. त्याला ठेवायला आपल्याकडे अंगणाची सुद्धा जागा नाही, मग कुठं नेलंस? खड्डा कुणी खणला? तुझ्या ह्या गुडघ्यांनी? आणि परत येऊन हात धुतलेस, आणि माझा फोन आला तेव्हा म्हणालीस, झोपलाय. दिवाळीत सुद्धा म्हणालीस. रडली असतीस तर माझ्या कानावर आवाज आला असता, म्हणून रडलीसुद्धा नसशील. सगळं कशासाठी, तर मी पिशवी भरू नये म्हणून. आणि मी तर भरून बसलो होतो. म्हणून उठलो आणि परत आलो. त्या दिवशीचा खाडा पडला, तेवढा माफ कर.

तर आये, वांग्या गेला हे मला कळलंय. हेच सांगायला पत्र लिहिलं. तू आता त्याला झोपवत बसू नकोस. शपथ मी मोडणार नाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती, आणि ते डोकं आता नाही म्हणून तर मुळीच मोडणार नाही. हंगाम संपला की येईन, तोवर इथंच बसतो. रविवारी सकाळी तुझा धंदा आटपल्यावर फोन करीन. त्याचं सगळं सांग. शेवटचं काय खाल्लं, कुणाकडे बघत होता, कुठं ठेवलंस. रडायचं असलं तर रड, गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवू नकोस. मी इकडे ऐकतो. आणि ते पार्सल तू फोडलेलंच नसणार. ते आज फोड. पायाला जागा नसलेली नुसती नळी आहे ती, दोन्ही तोंडं उघडी. उजव्या गुडघ्यावर चढव, तो तुझा जास्त दुखतो. वांग्याइतकी गरम नाही लागणार. डाव्याची मी जोडायला घेतलीय, येताना आणतो.

तुझाच,
बहिरू